लेकीच्या चार्जरची जोड

माझं मूळ गाव देवणीकडं. बाप दुसऱ्याची गुरं वळायचा, मला काय त्यात गोडी न्हाई, मग उदगीरला एका उस्तादाकडं मोटारी भरायला बसलो. भरायचं म्हंजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसायची आन् नवी गुंडाळायची. पुढं निलंग्यात येऊन सोताचं दुकान टाकलो, त्याला झाली की तीस वर्सं. कंच्या बी विहिरीवर जावा, आप्पाच्या हातची मोटार चालू हाय म्हनतेत. गर्व न्हाई ओ, हाय ते सांगायलो. आन् त्याच हातानं मी लेकीचं वाटोळं केलो, काय सांगू तुम्हाला.

लेक एकच, शिवलीला. नांदेडला दिलो होतो. नवरा हात उगारायचा. दोनदा माहेरी आली, दोनदा मीच तिला परत नेऊन घातलो, म्हनलो बाई, जोडून घे, तोडायला काय, कितीक वेळ लागतो. तिसऱ्यांदा दंडावरचे वळ झाकत आली, मग न्हाई धाडलो. गल्लीतली मान्सं इचारायची, पोरगी कामून बसली घरी? ती काय बसली नव्हती ओ. अंगावरचं सोनं मोडून जुना लॅपटॉप घेतली, लातूरच्या एका क्लासचे परीक्षेचे पेपर टाइप करून द्यायली. आंघोळ, लिंगपूजा झाली की जी बसायची ती दिवस मावळस्तोर. तिची आई म्हनायची, पोरगी हसाया लागली बघा.

त्या दिवशी सकाळीच चार्जरची पिन मानेपासून तुटली. लोंबत होती कवाची, टेप गुंडाळून गुंडाळून चालवायली होती. सांजच्याला क्लासला पेपर धाडायचा, सगळे प्रश्न त्या लॅपटॉपातच, दुसरीकडं कुठं न्हाई, आन् बॅटरी तासाभराची. ती चप्पल घालून उभी, म्हनली आप्पा, अकराच्या बसनं लातूरला जाते, नवा चार्जर घेऊन तीनपतुर येते. साधी गोष्ट. जाऊ द्यायचं का न्हाई? पर माझ्यातला मिस्त्री जागा झाला. म्हनलो येडी का खुळी, बापाचा जलम वायरीत गेला आन् लेक वायरीसाठी लातूरला जाती? लोक त्वांडावर हसतील माझ्या. ती म्हनली न्हाई आप्पा, हे नाजूक असतंय, तुमची मोटार न्हाई ही. आता हे मला लागलं बघा. मोटार न्हाई म्हंजे काय? तिच्या हातातनं चार्जर हिसकूनच घेतलो. ती दारातच उभी ऱ्हायली, अकराची बस गेली, हॉर्न आम्हा दोघांलाबी आयकू आला.

दुकानातल्या भंगारात एक मेलेला चार्जर होता, त्याची पिन कापून घेतलो. लॅपटॉपात बरोबर बसली. आता दोन वायरी इकडच्या, दोन तिकडच्या, इकडं एक लाल एक काळी, तिकडं दोन्ही काळ्याच. कुठली कुठं जोडायची? आमची सवय कशी बघा. उस्ताद म्हनायचा, मोटर उल्टी फिरी तो घबराना नै, दो तार बदल डाल. मोटारीचं तसंच असतंय, वायर चुकली तर उलटी फिरती, पानी येत न्हाई, तेवढंच, दोन वायरी अदलाबदल केल्या की लागली सरळ फिरायला. जलमभर वायर चुकायची मला भीतीच न्हाई वाटली ओ. वायर उलटी का सुलटी ते दावणारं मीटर हाताशी पडलेलं, लावलो न्हाई. जोडलो, टेप मारलो, म्हनलो घाल.

ती घातली. टिक झालं आन् जळका वास आला. तो वास मला लगीच कळतो, तीस वर्सं नाकात हाय. मी म्हनलो थांब थांब, वायरी बदलतो. बदललो बी. पर लॅपटॉप काय मोटार न्हाई, उलटी वायर लागली की जळूनच जातो. ती नुसती त्या काळ्या पडद्याकडं बघत बसली. मग म्हनली आप्पा, सगळंच जोडून चालत न्हाई. एवढंच. मला नांदेडच्या त्या दोन खेपा आठवल्या, एसटीत खिडकीशी तिला बसवून मीच नेलेल्या.

लातूरच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, बोर्ड जळालाय. आतले प्रश्न त्यानं काढून दिले मागनं, आठ दिसांनी, पर क्लासवाले कशाला थांबतेत, काम दुसऱ्याला गेलं. शिवलीला पिशवी भरली आन् लातूरला निघून गेली. तिथं एका झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करायली, तीन पोरींत एक खोली. तिची आई मला जेवायला वाढती, बोलत मातर न्हाई. मी म्हनलो नवा लॅपटॉप घेऊन देतो, तर फोनवर म्हनली ऱ्हाऊ द्या आप्पा, माझं मी बघते.

गेल्या आयतवारी आली. संगं खोलीतला टेबलफॅन, जळालेला. माझ्यापुढं ठेवली. मी हातच लावलो न्हाई. तीस वर्सांत कुनाला म्हनलो नव्हतो ते म्हनलो, बाई, नवा घे. ती माझ्याकडं बघितली, म्हनली ही तर मोटारच हाय की आप्पा. मग बसलो. ती बाजूला तार धरून बसली, ल्हानपनी बसायची तशी. दुपारपतुर भरलो, चालू केलो तर फॅन उलटाच फिरायला, वारं मागं. वायर चुकलीच. मी झटकन बटन बंद केलो. ती जराशी हसली, म्हनली बदला की दोन वायरी.

बदललो. चारच्या बसनं फॅन घेऊन गेली. ती इसरली असंल असं काय मी म्हनत न्हाई. इसरू बी नये. पर तवापासनं मी रोज फोन करतो, इचारतो, फॅन चालू हाय का गं? हाय म्हनती. दुसरं काय इचारायला जीभ रेटत न्हाई, मग फोन कानाला धरून बसतो, मागं फॅनचा आवाज तेवढा येतो. चालू ऱ्हाऊ दे, महादेवा.