एस्तेरवहिनीची पहिली ओळ

सगळ्यांना सलाम. पाळकसाहेब, मंडळी, आणि बाजारातली दुकानं अर्धवट टाकून आलेले आमचे शेजारी, बसा. सरकून घ्या थोडं. आज तिच्या स्मरणसभेला बाकांवर जागा नाही. आपलं चर्च असं भरलेलं बघायला एस्तेरवहिनी किती आसुसलेली असायची. बघा, त्यासाठी मरावं लागलं तिला.

मी मार्था, तिची नणंद. भावजयीबद्दल बोलायला नणंदेला उभं केलंत, म्हणजे धाडसच केलंत. मला हे जमेल असं वाटत नाही. पण आमच्या घरात दुसरं बोलणारं कोण आहे? दादा, माझा भाऊ, तिचा नवरा, समोर बसलाय. त्याला माझा एक शब्द ऐकू येत नाहीये. कानातलं यंत्र तो घरी काढून आलाय. मी आणून दिलं, तर म्हणाला, “आता काय ऐकायचंय?” त्याला ऐकू येत नाहीये, म्हणून तर मी आज खरं बोलू शकणार आहे.

जे कधी आमच्या उपासनेला आले नाहीत, त्यांना आधी एक गोष्ट सांगते. आमच्याकडे वाजवणारं कोणी नाही. बाजाची पेटी होती, ती पावसाळ्यात बिघडली आणि तशीच राहिली. मग पाळकांनी गीत सांगितलं, की आम्ही पुस्तकं उघडायचो आणि थांबायचो. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर वहिनी. पहिली ओळ ती एकटी म्हणायची. दुसऱ्या ओळीला आम्ही सगळे. गीत उचलणं म्हणतो आम्ही याला. बाहेर रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्यांचा ओरडा, कुणाची तरी वरात. त्या सगळ्यातून तिला सूर कसा सापडायचा, देव जाणे. एकदा तिनं उचललं, की बाहेरचं काही ऐकू यायचं नाही.

आणि दादा? तो पलीकडे पुरुषांच्या बाजूला, वाकडी मान करून तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. जासईच्या कंटेनर यार्डात आयुष्य गेलं त्याचं, कान तिथेच गेले. पण तिचे ओठ बघून तो बरोबर तिच्यासोबत गायचा. बेसूर गायचा, पण एक शब्द मागे पडायचा नाही. आम्ही बायका हसायचो. या वयातही बायकोवरून नजर हटत नाही म्हणून चिडवायचो. तो म्हणायचा, “तुम्ही पुस्तकातून गाता, मी तिच्यातून गातो.”

मंडळी, आपण सगळे दुसऱ्या ओळीपासून गाणारी माणसं आहोत. हे तिला माहीत होतं. आपल्याला माहीत नव्हतं.

एका रविवारी ती मुद्दाम गप्प बसली होती. आठवतंय ना? गीत सांगून झालं. आपण पुस्तकं उघडली. ही खाली मान घालून बसलेली. तेव्हाचे पाळक खाकरले. मी तिला कोपरानं ढोसलं. कुणी पुस्तकाचं पान उलटलं, कुणी मागे वळून दाराकडे बघितलं. गायलं मात्र कोणी नाही. शेवटी तिलाच राहवेना, तिनंच उचललं. दुपारी जेवताना मला म्हणाली, “मार्था, तुम्ही लोक मला सुखानं मरूसुद्धा देणार नाही.” आम्ही केवढ्या हसलो. भात वाढता वाढता हसलो. काय हसायचं होतं त्यात?

या उन्हाळ्यात ती आजारी पडली. मग पाळकसाहेबांनी मोबाईलवर गीतं लावायला सुरुवात केली. त्यांचा दोष नाही, ते तरी काय करणार? रविवारी उपासना सुटली, की मी हॉस्पिटलमध्ये जायचे. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. आज कोणी उचललं? एकदा मी सांगितलं, मोबाईलनं. ती हसली. मग म्हणाली, “आणि तुम्ही काय केलंत?”

मी म्हटलं, ऐकलं.

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यानंतर तिनं तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

चर्चच्या फाटकाजवळ भाजी लावणारी आमची एक बाई आहे, आज आलीये, मागे उभी आहे. तिनं मला मध्ये विचारलं होतं, “बाय, तुमचं गानं आता नाय व्हत काय? आमी त्या आवाजावर जुड्या बांधाचो.” तिला काय सांगू? गाणं होतं, पण ते आमचं नव्हतं.

आता दफनाच्या दिवसाचं सांगते. हे बोलायचं नव्हतं मला. पण तुम्ही सगळे तिथे होता.

शवपेटी खाली ठेवली. प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, आपण गीत गाऊ या. तिच्याच आवडीचं गीत. आपण पुस्तकं उघडली. आणि थांबलो. मंडळी, आपण तिची वाट बघत थांबलो. खोटं वाटतं का? माझी स्वतःची मान त्या पेटीकडे वळली. सवयीनं. तुमच्याही वळलेल्या मी बघितल्या. हायवेवरून ट्रक जात होते, तेवढाच आवाज. गीत पाठ असलेली इतकी माणसं तिथे उभी होती. पहिली ओळ कोणाच्याच तोंडून निघाली नाही. मग कुणीतरी माती टाकली, आणि संपलं.

या चर्चमधल्या कितीतरी माणसांना तिनं गाऊन निरोप दिला. माझ्या आईला दिला, तुमच्या आईवडिलांना दिला. ती मात्र गाण्याशिवाय मातीत गेली.

येताना गाडीत दादानं मला विचारलं, “कोणाचंच तोंड हलत नव्हतं. गीत नव्हतं का?” तो तिथे उभा राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. त्याला कोणाच्या ओठांवर काही सापडलं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले.

पाळकसाहेब, तुम्ही म्हणालात, ती आता प्रभूच्या घरी गात असेल. असेल. माझा विश्वास आहे. पण तिथे गाणाऱ्यांची काय कमी आहे हो? तिची गरज इथे होती.

पुढच्या महिन्यापासून आपली सकाळची मराठी उपासना दुपारी, जमेल तशी. बंद असं कोणी म्हणत नाही, जमेल तशी म्हणतात. आपली मुलं सुकापूरच्या टॉवरमध्ये राहायला गेली. तिकडे त्यांच्या उपासनेला हॉल आहे, ड्रम आहे, गाड्या लावायला जागा आहे. मी जाऊन आलेय. चांगलं गातात, उगाच नावं कशाला ठेवू? पण तिथे पहिली ओळ पडद्यावर येते. कोणाला एकट्यानं उचलावी लागत नाही. इथे आता आपण उरलो, गुडघे धरून बसणारे. मला पुढचं काही दिसत नाही. धीर द्यायला उभी राहिले असं वाटलं असेल, तर माफ करा. माझ्याकडे धीर नाही.

अशा सभेत शेवटी उभं राहून शांत राहायची रीत आहे. ती आपल्याला चांगली जमते, आपण करून दाखवलंय. तरी उभे राहा. दोन मिनिटं नकोत. तिच्या पहिल्या ओळीला जेवढा वेळ लागायचा, तेवढंच गप्प राहू. ती ओळ तिचीच राहू दे. त्यानंतर कोणाला दुसरी ओळ आली, तर येऊ दे. मला वाटत नाही येईल. नाही आली, तर तसेच घरी जाऊ.

फक्त एवढं लक्षात ठेवा. दादा आपल्या तोंडांकडे बघत असेल.