हिवतापाच्या जंतूचं कौतुक

मला हिवताप झाला तेव्हाचं ऐका. दौंडच्या घरी मी दोन गोधड्यांखाली कुडकुडत होतो आणि शिरूरहून माझा वर्गमित्र विलास शहाळं घेऊन भेटायला आला. हा प्रयोगशाळेत हिवतापाच्या जंतूवरच संशोधन करतो.

"लई हुशार जंतू हाय," खुर्ची ओढत तो म्हणाला. "डासाच्या पोटात एक पडदा असतो. तिथं अडकला तर मेला. म्हणून ह्यो गडी एक एन्झाइम सोडतो, पडदा कापतो आन् पार तुझ्यापर्यंत येतो. ती कातरी बोथट करायची, हे माझं काम."

"मी इथं मरतोय आणि तू त्याची तारीफ करतोस? एवढी वर्षं कोर्टाच्या बातम्या दिल्या, आरोपीचा असा वकील पाहिला नाही."

"मी तुझ्याच बाजूचा हाय. पण कौतुक वाटतं रं."

बोलता बोलता शहाळं त्यानंच पिऊन टाकलं.

पुढे रोज संध्याकाळी फोन करून तो ताप विचारायचा. शेवटी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा मीच फोन लावला. "तुझा हुशार जंतू मेला."

तो घसा खाकरून म्हणाला, "मरंल न्हाईतर काय. गाठ तुझ्यासारख्या भांडखोराशी पडली व्हती."