दहा मिनिटांचा टाइमआउट

आयटीवाले खुर्चीत बसून पगार खातात म्हणता ना, मग हे ऐका.

खराडीच्या आमच्या ऑफिसात मी एका स्कॅन सेंटरचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पेशंटचे स्कॅन क्लाउडवर असतात आणि आमच्या सर्व्हरमार्फत डॉक्टरांकडे जातात. फाइल मोठी असली की बरोबर एका मिनिटाला डाउनलोड तुटायचं. सेंटरच्या जोशीबाईंचा रोज फोन. "अहो, ऑपरेशनआधी डॉक्टरांना स्कॅन बघायचाय!"

मी टाइमआउट, म्हणजे डाउनलोड तोडण्याआधी वाट बघायची मुदत, पाच मिनिटं केला, मग दहा. माझ्याकडे झकास चालायचं, कारण तपासायला मी माझ्याच गुडघ्याचा चिमुकला एक्स-रे वापरत होतो. खरं दुखणं वेगळंच होतं. आमचा सर्व्हर अख्खी फाइल आधी स्वतःकडे उतरवून घ्यायचा आणि तोवर पुढे काहीच सोडायचा नाही. हे मला फार उशिरा कळलं.

त्याआधीच बाईंचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"ऑपरेशन उद्यावर ढकललंय. पण तुमची सुधारणा जाणवली हं."

"काय जाणवलं?"

"स्कॅन मिळणार नाही हे आधी एका मिनिटात कळायचं. आता दहा मिनिटं आशेवर बसता येतं."