सोमवारची खारी

(वरवंड, १९६४. भागुबाईंची पडवी. मधे बांगड्यांचा जुना पेटारा. एका बाजूला दौंडचा बांगड्यांचा दुकानदार सत्तार मणेर, दुसऱ्या बाजूला भागुबाईंची नात नकुशी. परवा तिचं लग्न.)

भागुबाई: ...आन् खारी लई ताजी असायची बाबा. चहात बुडवली की इरघळलीच.

सत्तार: थांबा मावशी. ती खारी तुमी खाल्ली?

भागुबाई: मी, नकुशी, शेजारची साखरबाई. दर सोमवारी. हुसेनबी पुडा सोडायची, म्हनायची, "माझ्या लेकानं दिलीया."

सत्तार: लेकानं दिली ती शिरूरच्या सरदारबी खालासाठी! अम्मा दर सोमवारी मला सांगून निघायची, "बहिणीकडं चालले." मी आपला खुशीत, म्हातारी दोन घास सुखाचे खाती म्हनून. अम्माच्या मयतीला खाला आली. इचारलं, खारी आवडायची न्हवं? म्हनती, "कसली खारी? हुसेनबीनं दोन वर्सं तोंड दाखवलं न्हाई मला." भर मयतीत आमची जुंपली. चाळिसाव्याला यष्टीचा कंडक्टर जेवाया आला, तवा त्यानं सांगितलं, "तुमची आई शिरूरच्या गाडीत कवा बसलीच न्हाई. वरवंडला उतरायची."

भागुबाई: सगळ्या वरवंडाला ठावं व्हतं.

सत्तार: सगळ्या तालुक्याला ठावं व्हतं म्हना. मी तेवढा ऱ्हायलो.

नकुशी: पर मामा, तुमी तिचं फिरनं बंद का केलं?

सत्तार: पानशेत फुटलं त्या साली दुकान काढलं न्हवं का. हाताएवढं दुकान, त्याला बैलगाडीएवढी पाटी. मग शानपना सुचला. म्हनलं, दुकानदाराची आई डोक्यावर पेटारा घिऊन गावोगाव फिरती, लोक काय म्हंतील? पेटारा मोडीत घाल. ती म्हनली, घातला.

भागुबाई: हितं आनून ठिवला. माझ्या दान्याच्या कनगीमागं. दर सोमवारी काढून गावातल्या बायांना बांगड्या भरायची.

सत्तार: मोडीत निघालो तो मीच.

भागुबाई: बरं, आता हात धू. नकुशीच्या बारशाला हुसेनबी बोलली व्हती, हिचा लग्नाचा चुडा म्याच भरीन. त्या बोलीवर दुसरा मनेर दारात उभा केला न्हाई. भर.

सत्तार: मी? दुकानात बायको भरती. मी पाटीखाली बसतो नुसता.

भागुबाई: मग आलास कशाला?

सत्तार: माफी मागाया. पर आता मागू कुनाची? मला तिची लाज वाटायची, मावशी. ज्या पेटाऱ्यानं मला वाढवलं त्याची लाज वाटायची. हे तिला कळलं असंल का, ह्या इचारानं जेवन जात न्हाई.

भागुबाई: कळलं व्हतं. भर आता.

नकुशी: आई गं!

सत्तार: पिचली वाटतं.

भागुबाई: शुभाच्या घरात पिचली म्हनू नगं. वाढवली म्हन. मनेराच्या पोटचा ना तू?

नकुशी: तिसरी वाढवली, मामा. असंच चाललं तर मी मोकळ्या हातानं बोहल्यावर.

सत्तार: तू हात ढिला सोड की पोरी.

नकुशी: कसा सोडू? तुमीच कापताय, मला भ्या वाटतंय. हुसेनआजी आपली बोलत ऱ्हायची. आमी हसायचो, आन् बांगडी कवा चढली कळायचंबी न्हाई.

सत्तार: काय बोलायची?

भागुबाई: तुजंच.

सत्तार: माझं कौतुक?

भागुबाई: कौतुक कशाचं? येडेपना तुझा. पर तुझं नाव निघालं की म्हातारी धा वर्सांनी लहान व्हायची.

नकुशी: ती उंदराची गोष्ट तर अर्धीच ऱ्हायली. म्हनली, पुढल्या सोमवारी सांगते, आन् मग...

सत्तार: उंदराची? तीबी सांगितली? बरं, दे हात. ऐक. दुकानातनं हिरव्या बांगड्या कमी व्हाया लागल्या. मी म्हनलं, उंदीर नेत्यात. बायको म्हनती, उंदराच्या घरी लगीन हाय का? मी ऐकतो व्हय! पिंजरा आनला, आत भजं टांगलं.

नकुशी: हितवर सांगितलं व्हतं. मग?

सत्तार: रोज सकाळी बांगड्या गायब, भजं गायब, पिंजरा मोकळा. मी गल्लीभर सांगत सुटलो, असला हुशार उंदीर अख्ख्या दौंडात न्हाई. मग अम्मा गेली. त्या सांजंला माझी पोरगी, हमीदा, मांडीवर यिऊन रडाया लागली. म्हनती, "अब्बा, उंदीर मी व्हते. दादीला बांगड्या मीच काढून द्यायची." म्हनलं, आन् भजं? म्हनती, "ते दादी खायची."

नकुशी: अगं आजे! पोट दुखलं माझं!

सत्तार: हसू नगं, हात हालतोय... आरं?

भागुबाई: उजवा हात भरला की रं.

नकुशी: आता डाव्यासाठी दुसरी सांगा.

सत्तार: येडेपनाला काय तोटा? दोन्ही हातांना पुरून तुझ्या करवल्यांनाबी उरंल.

भागुबाई: ...झालं. हात बघू. जड दिसतोय चुडा, चांगला. पड गं मामाच्या पाया.

सत्तार: माझ्या नगं, मावशी. मी ह्यो पेटारा मोडीत काढाया निघालेला मानूस.

भागुबाई: मग सर बाजूला. नकुशे, पेटाऱ्याच्या पड.

सत्तार: तो हितंच ऱ्हाऊ द्या. कनगीमागं. सोमवारी येतो मी.

भागुबाई: आन् घरी बायकोला काय सांगशील?

सत्तार: सांगीन, शिरूरला खालाकडं चाललोय.

भागुबाई: मग खारी घिऊन ये.