येसूआक्काची शेवंती

माझं म्हायेर कन्हेरीचं. पुढं मुलगा साखर कारखान्यात लागला म्हनून हितं सोमेश्वरनगरला येऊन ऱ्हायलो, पन मी मूळची कन्हेरीची. बारामतीच्या बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन आमी चालत जायाचो. तवा इंग्रजाचं राज व्हतं, आन् नीरंचा कालवा, आमी त्याला पाट म्हनतो, तो आमच्या रानाला लागून जायाचा, त्या पान्यावर वांगी, घेवडा, कोथमीर असलं माळवं निगायचं. तात्या, म्हंजी आमचे वडील, ते माळव्यातच म्हातारे झाले. आमी दोघी भैनी आन् एक भाऊ. थोरली येसू, खरं नाव यशोदा, तिला मी आक्का म्हनायची, मधी भाऊ, आन् मी धाकटी, ठकू. तुमी माझं इचारायला आलाय बाई, पन काय सांगू तुमाला, माझ्या जल्मात सांगन्याजोगं काय न्हाय, लगीन झालं, पोरं झाली, ती मोठी केली, मालक गेले. सांगायचं तर आक्काचंच सांगते. तिचं कुनी इचारत न्हाय.

आक्काला वरकुट्याला दिली व्हती, इंदापूरच्या अंगाला. दाजीचं नाव बाबूराव. मानूस उंच, बोलायला कमी, मारझोड करनारा नव्हता, तसं खोटं मी सांगनार न्हाय. पन आक्काला मूल झालं न्हाय. चार-पाच वरसं वाट बगितली, देवाला नवस झाले, अंगारे झाले, मंग तिची सासू बोलायला लागली, हिनं लावल्यालं काय उगवत न्हाय, हिला परड्यात बी टाकू देऊ नका. बाबूरावनं दुसरी केली. सगुना तिचं नाव, तिला वरसाच्या आत लेक झाली. आन् एक दिस सासऱ्यानं आक्काला गाडीत घालून आमच्या दारात आनून सोडली. पानीसुदिक घेतलं न्हाय त्येंनी. बोचकं खाली ठेवलं, बैलं वळवली आन् गेले. आक्का दारात तशीच हुबी. आय आतनं म्हनली, येसू, आत ये की गं, तवा ती आत आली.

मंग ती आमच्यातच ऱ्हायली. भावाचं लगीन झालं, भावजय आली. भावजय काय वंगाळ नव्हती, पन घर ते, बोलनं व्हतंच. आक्का निम्मं बोलनं ऐकून परड्यात जायाची. परड्याच्या मागं पाटाचा पाझर येऊन एक वल्ला तुकडा झाला व्हता, तितं तात्या काय करत नव्हते. आक्कानं तितं शेवंती लावली. कुनाकडनं तरी फुटवे आनले आन् लावले. आन् बाई, तिच्या सासूचं ते बोलनं माझ्या कानात व्हतं, म्हनून मी रोज जाऊन बगायची, उगवतंय का. उगवलं. सगळं उगवलं. वांगी लावली ती आली, दुधी लावला त्यानं सगळं कुंपान धरलं.

एक डाव शेळीनं शेवंतीचे शेंडे खाल्ले. आमाला वाटलं गेली आता. पन त्याच झाडाला खालनं फुटी आल्या, झाड गच्च झालं. मंग आक्का आपल्या हातानं शेंडे खुडायला लागली. आन् कळ्या आल्या की एका काडीवर एकच मोठी ठेवायची, बाकीच्या बोटानं मोडायची. आयला ते बगवंना. ती म्हनली, कळ्या कशापायी मारतीस गं येसू, तुला आधीच काय कमी लागलंय. आक्का खाली बसून मोडतच ऱ्हायली. त्या वरसाला ज्या फुलानं दुसऱ्याकडं मूठ भरायची न्हाय त्ये तिच्याकडं वंजळीत मावंना. पिवळं धमक. मी असं फूल त्याच्या आधी बगितलं नव्हतं.

त्याच थंडीत बारामतीला शेतकीचं परदर्शन भरनार म्हनून दवंडी झाली. बैलं, ऊस, माळवं, फुलं, जे ज्याचं चांगलं ते आनायचं, आन् बारामती, इंदापूर दोन्ही तालुक्यांतनं लोक येनार. तात्या म्हनले, येसू, तुझी शेवंती न्हेऊ या. आक्का म्हनली, मला कशाला मानसांत न्हेता तात्या. तात्या म्हनले, तुला न्हाय, शेवंती न्हेतोय, तू आपली संग चल. राकेलचे डबे कापून त्यात झाडं मातीसकट घेतली, वांग्याची पाटी घेतली, गाडी जुंपली. मी मागं बसून डबे धरून ठेवले. आक्कानं त्या दिशी हिरवं लुगडं नेसलं व्हतं, तिच्या लग्नातलं.

तितं मांडव घातला व्हता, फळ्या टाकून त्याच्यावर पांढऱ्या चादरी, ज्याचा त्याचा माल मांडल्याला. दारात कारकून नावं लिवून घेत व्हता. तात्या म्हनले, शेवंती माझ्या लेकीची, यशोदा. कारकून म्हनला, बाईमानसाचं नाव नवऱ्यासकट सांगा. आक्का खाली बगायला लागली. बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या तवा, आन् तिनं कोनत्या तोंडानं घ्यायचं. मागं मानसं खोळंबली. शेवटाला तात्यांनीच सांगितलं, यशोदा भ्रतार बाबूराव. नवऱ्यानं टाकली म्हनून चारचौघांत सांगायचं त्यांच्या जिवावर आलं आसंल.

दुपारी टोपीवाले सायब फिरले. आक्काच्या डब्यापाशी थांबले, वाकून बगितलं, पुन्हा माघारी आले, पुन्हा बगितलं. मंग सगळ्यांना म्होरं बसवलं, बायका दोराच्या अल्याड, बाप्ये पल्याड, आन् बक्षिसं पुकारायला लागले. फुलांत पयला लंबर, यशोदा भ्रतार बाबूराव. मी आक्काचा हात धरला. म्हनलं आक्का, ऊठ. ती उठली, पदर नीट केला. आन् तितक्यात बाप्यांतनं कोनतरी उठून म्होरं चाललं.

बाबूराव. त्यानं बैलं आनली व्हती परदर्शनाला, आमाला काय ठावं. त्यानं आपलं नाव ऐकलं आन् उठला. तात्या अर्धवट उठल्याले तसेच खाली बसले, मी बगितलं. सायबानं चांदीचा बिल्ला बाबूरावच्या बंडीला लावला, हातात पान्याची झारी दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांत मी बसले, आन् आक्का मातर हुबीच. तिनंबी टाळ्या वाजवल्या बाई. मी तिच्याकडं बगत ऱ्हायले. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग आसता तर बरं झालं आसतं आसं मला पुढं लई डाव वाटलं.

मंग तो डब्यांपाशी आला. किती वरसांनी दोघं समोर आली. म्हनला, तूच लावलीस? आक्का म्हनली, व्हय. वांगीबी? व्हय. त्यानं झारी खाली ठेवली. म्हनला, आमच्याबी रानात पाटाचं पानी आलंय आता. माळवं करायचं हाय. झालं गेलं इसरून जा, घरी चल. तिनं मान खाली घातली, पन मी तिची धाकटी भैन, मला कळलं, तिला त्येच ऐकायचं व्हतं. बिल्ला त्याच्या बंडीवरच ऱ्हायला, तो तिनं मागितला न्हाय, त्यानं दिला न्हाय.

घरी आल्यावर आयनं देवापाशी साखर ठेवली. भाऊ म्हनला, जाऊ दे, तिचं घर तिला मिळतंय. तात्या बैलांना वैरन टाकायला गेले. मी आक्काला परड्यात गाठली, म्हनलं, आक्का, तो तुला न्हाय न्हेत, तुझं हात न्हेतोय. नको जाऊ. तर ती म्हनली, ठके, हात काय माझ्याहून येगळं हायत का. त्येंनी चारचौघांत चल म्हनलं. हितं मला जा कुनी म्हनत न्हाय, पन ये तरी कोन म्हनतं. तितं चूल हाय माझी. आयनं वटी भरली, फुटवे वल्या फडक्यात बांधून दिले, आन् बाबूरावची गाडी आली ती तिला घेऊन गेली. जाताना ती हसत व्हती. बाई, मला तिचं ते हसनं अजून दिसतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी तात्यांसंग वरकुट्याला गेले. घरात सगुना, तिच्या कडंवर धाकटं, पायापाशी बबी, ती थोरली लेक. म्हनलं आक्का कुठं? सगुना म्हनली, रानात. म्हनलं कवा ईल? ती म्हनली, त्या तितंच ऱ्हात्यात. तात्यांनी पानी घेतलं न्हाय.

रानात खोपट व्हतं, कडब्याचं, एक मानूस निजंल एवढं. राखनीला कोनतरी पायजे म्हनून आक्काला तितं ठेवली व्हती. चूल व्हती खरी, तीन दगडांची, खोपटाच्या बाहीर. पन रान काय केलं व्हतं तिनं. वांगी, टमाटी, दुधी, बांधानं सगळी शेवंती. तात्या म्हनले, येसू, चल माघारी. ती म्हनली, तात्या, आता सगळं धरायला लागलंय, सोडून कशी येऊ. आन् बबी येती की रोज, तिला माझ्याबिगर करमत न्हाय. ती पोर तिला थोरली आय म्हनायची. सगुना भाकरी पाठवायची, तिच्याबरुबर कवा लोनचं, कवा लोनी. म्हंजी सगुनाचं मन मोठं व्हतं, पन घरात तिचं कोन ऐकनार.

पुढं परदर्शनाला माल यायचा तो बाबूरावच्या नावानं. आक्का यायची न्हाय. मी मातर जायाची, तिची शेवंती बगायला. फळीवर ती फुलं दिसली की मला वाटायचं, आक्काच बसलीया. एकदा मी दाजीला इचारलं, आक्काला का न्हाय आनलं? तो म्हनला, समदी हिकडं आल्यावर रानाकडं कोन बगनार. रागानं न्हाय म्हनला. त्याला ते बरुबरच वाटत व्हतं.

मंग एका थंडीत पाटाच्या पान्याची पाळी पहाटंची आली. आक्का गुडघाभर गार पान्यात हुबी राहून दारं धरायची, वाफ्यावाफ्यात पानी वळवायची, लुगडं वल्लं ते अंगावरच वाळायचं. खोकला झाला. अंगात कनकन. घरी कुनाला सांगितलं न्हाय. बबीनं बगितलं, थोरली आय उठंना, ती पळत घरी गेली. सगुनानं तिला घरात आनायची म्हनून गाडी मागितली, तर सासू म्हनली, तितंच काढा द्या, पोरांच्यात आजार नको. सगुना मंग आपली वाकळ घेऊन खोपटात जाऊन बसली. आमाला निरोप आला तवा आक्काला धाप लागली व्हती.

मी पोचले. तिनं मला वळाकलं. म्हनली, ठके, आलीस बरं झालं. बांधाच्या कडंच्या शेवंतीला पानी दे. परदर्शनाला न्यायचीया. ती मोठी झाली बग. म्हनलं आक्का, शेवंतीचं ऱ्हाऊ दे, तुला काय पायजे ते सांग. तिनं इचार केला. आन् म्हनली, बबीची येनी घाला कुनीतरी, दोन दिस झालं तिचं केस मोकळंच हायत. मी बबीला तितं तिच्या म्होरं बसवली आन् येनी घातली. तिनं बगितली. सांजच्या आत आक्का गेली.

दुसऱ्या दिशी परदर्शनाची गाडी जायाची व्हती. डबे भरून झाले व्हते, गाडीत ठेवल्याले. आक्काला न्यायची तयारी चालली, आन् बाबूराव गाडीकडं बगून कुनालातरी म्हनला, डबे सावलीत घ्या, माना टाकतील. सगुनानं ते ऐकलं. खोपटातनं इळा आनला. ती बाई कवा नवऱ्याम्होरं मान वर करनारी नव्हती, ती गाडीत चढली आन् एकेक डब्यातली सगळी फुलं कापली. एकबी ठेवलं न्हाय. सासू वरडली, अगं येड लागलं का, सायब बगनारंयत ती. सगुना म्हनली, ज्यांची हायत त्यांना देते. आन् पदरात भरून आनून आक्काच्या अंगावर घातली. पायापास्नं गळ्यापतुर पिवळं. बाबूराव हुबा राहून बगत व्हता. मंग तो खाली बसला आन् पटका काढून मांडीवर ठेवला. रडला का न्हाय मला ठावं न्हाय, मी त्याच्याकडं बगितलं न्हाय.

त्यानंतर मी वरकुट्याला गेले न्हाय. तात्या पुढच्या सालाला गेले, आय त्याच्या मागनं. बबीचं लगीन झालं तवा सगुनानं मला बोलवनं पाठवलं व्हतं, मावशी म्हनून. मी लुगडं धाडलं, गेले न्हाय. आता वाटतं जायाला पायजे व्हतं. त्या पोरीचा काय दोष.

आता आमच्या हितं मोठी परदर्शनं भरत्यात, मायकावर नावं पुकारत्यात, बायका आपल्या पायानं जाऊन बक्षीस घेत्यात. नातसून म्हनती, आजी, चला की बगायला. मी म्हनते तू जा, माझं गुडघं चालत न्हायत. गुडघं चालत न्हायत हे खरंच हाय.

तुमी लिवून घेतलंत, तिचं नाव लिवलंत, यशोदा, येवढंच लिवा, त्याच्याम्होरं काय लिवू नका. तुमी तरन्या हायसा बाई. तुमाला कुनी घरी न्यायला आला तर आधी नीट इचारून घ्या, घरात न्यायला आलाय का रानात. आमच्यात कुनी इचारलं न्हाय. जावा आता, ऊन चढायच्या आत पोचा. सुखी ऱ्हावा.