धार नसलेली सुरी

औरंगपुऱ्यातल्या भांड्यांच्या दुकानात कुकरची रिंग घ्यायला द्वारकाबाई कधीच्या ताटकळल्या होत्या. पुढं एक म्हातारं जोडपं, आजीचा उजवा हात प्लास्टरमध्ये.

दुकानदार म्हणाला, "हा तीन सुऱ्यांचा सेट घ्या, आजी. स्वस्त, अन् धार एक नंबर."

"लई धार हाय. नको."

"मग ही सुटी सुरी?"

"हिलाबी धारच हाय."

"आजी, सुरीला धार नाय तर काय असंल?"

आजोबा वैतागले, "अगं, दीड महिना सैपाक मलाच करायचाय. घे कोणतीबी!"

"तुमी गप बसा! बोट कापलं तर एकादशीच्या कीर्तनात पखवाज काय कोपरानं वाजवणार?"

"मग भाजी कशानं चिरू?"

"चिरूच नका. पिठलं करा."

"पिठल्याला कांदा लागतो."

"बुक्कीनं फोडा... थांबा, तेबी नको. मीच चिरीन डाव्या हातानं. दादा, तो पहिला धारवाला सेट द्या!"