एवढीशी चिंधी

नाही, मी म्हणते, माणूस रिटायर होतो म्हणजे सगळाच होतो ना? डोक्यापासून पायापर्यंत? की अंगठा तेवढा मागे ठेवून घ्यायची पद्धत आहे कुठे? हसा, तुम्ही हसा... ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तुम्हाला सांगते, आमचे हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, जुन्या कागदांच्या खोलीत. त्यांचा उभा जन्म त्या कपाटांत गेला आणि माझा उभा जन्म एक वाक्य ऐकण्यात. मी समुद्र पाहिलेला नाही हो. जगात म्हणे तीन भाग पाणी आहे, त्यातलं माझ्या वाट्याला आलं ते नळाचं, तेही सकाळी तासभर, आणि नवरा पाणीपुरवठ्यात! लग्न झाल्यापासून विचारतेय, अहो, समुद्रावर कधी जायचं? उत्तर ठरलेलं. "रिटायर झालो की जाऊ."

तर रिटायर व्हायची वेळ आली आणि वरून हुकूम सुटला, सगळे जुने कागद स्कॅन करा. मशीन आलं. काचेवर कागद पालथा घालायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं, संपलं. पण पहिल्याच दिवशी शिपायानं झाकण उघडलं ते त्याच्या हातातच आलं. आता नळाचे जुने अर्ज ते, वर्षानुवर्षं गुंडाळी होऊन पडलेले, काचेवर ठेवले की मांजरासारखे कूस बदलतात. मग ह्यांनी काय करावं? कड अंगठ्यानं दाबून धरली. आणि नेमका त्याच आठवड्यात पत्र्याचा डबा उघडताना ह्यांनी अंगठा कापून घेतलेला, त्यावर मी बांधलेली चिंधी. माझ्या जुन्या गाऊनची, निळ्या फुलांची. गाठ माझी नेहमीची, एक कान लांब, एक कान आखूड. आई शिकवत होती तेव्हा माझं लक्ष नव्हतं, त्याचं ते फळ. पण एवढीशी चिंधी हो ती, तिचं काय ते!

हजारो कागद स्कॅन झाले, आणि एकूणएक कागदाच्या कडेला ह्यांचा अर्धा अंगठा, निळी फुलं आणि ते दोन कान. कुणी बघितलं? छे! स्कॅन केलेले कागद बघायचे थोडेच असतात, ते आहेत असं सांगायचं असतं.

पुढे अंगठा बरा झाला, मी चिंधी सोडली. दुसऱ्या दिवशी हे आले ते तोंड एवढंसं करून. "अगं, मशीन कागदच घेत नाही. बनावट आहे म्हणतंय." मशीनवाल्याला बोलावलं. तो काचेला नाक लावून बघतो, खाली वाकून बघतो आणि थंडपणे म्हणतो, "सर, सिस्टीम स्वतःहून शिकते ना, तर ती शिकली आहे." साहेब म्हणाले, "काय शिकली?" "अधिकृत शिक्का ओळखायला शिकली. निळा, फुलांचा, दोन कानांचा." साहेब म्हणाले, "मग तिला सांगा विसरायला." तर तो म्हणतो, "सर, विसरायचा भाग वेगळा मिळतो. तो आपण घेतलेला नाही."

झालं, हे भर दुपारी धापा टाकत घरी. "बांध, पुन्हा चिंधी बांध." मी म्हटलं, अहो, जखम कुठे आहे? "जखमेचं काय घेऊन बसलीस, अख्खं ऑफिस बंद पडलंय!" मोरीत पडलेली चिंधी धुतली, वाळवली, बांधली... आणि मशीन लागलं की सुरळीत चालायला. एवढीशी चिंधी!

आणि तेव्हापासून त्या अंगठ्याचा जो काही थाट सुरू झाला, विचारू नका. त्याला गार पाणी नको, सुरी नको, खिळा-हातोडा तर नकोच. आयतंच झालं ह्यांना. साहेबांचा रोज फोन, "वहिनी, अंगठा कसा आहे?" नवरा कसा आहे, नाही! एकदा ह्यांना सणसणून ताप भरला, तर साहेब म्हणतात, "तापाला आमची हरकत नाही हो. मशीन गाडीत घालून तुमच्या दारात आणतो, त्यांना फक्त खिडकीतून हात बाहेर काढायला सांगा." आणि आणलं हो! हे आत कण्हताहेत, बाहेर शिपाई एकेक अर्ज सरकवतोय.

मी म्हटलं, असू दे, थोडे दिवस राहिलेत. गाडीची तिकिटं काढली, बॅग भरली, वाळूत चालायला नव्या चपला घेतल्या. रिटायर होण्याचा दिवस आला. साहेबांनी भाषण केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ह्यांना मोकळं करायचा आदेश स्कॅन करायला नव्या कारकुनाकडे दिला. मशीन म्हणालं, बनावट. मग ह्यांनीच स्वतःच्या निरोपाचा कागद अंगठ्यानं दाबून धरला. तर मशीन म्हणालं, कागद खरा आहे, पण शिक्का सेवेत असेपर्यंत शिक्केवाल्याला सोडता येत नाही. आणि हे, गरीब गाय, घरी येऊन मला सांगतात, "जाऊ की... थोडं पुढे."

माझं डोकंच फिरलं. तशीच पायात चपला सरकवल्या, समुद्राच्या, ह्यांना हाताला धरलं आणि थेट साहेबांच्या खोलीत. म्हटलं, साहेब, ह्यांच्या अंगठ्याला काय सोनं लागलंय? चिंधी माझी आहे! ह्यांच्या अंगठ्याची चिंधी सोडली आणि साहेबांचा हात ओढून त्यांच्या अंगठ्याला बांधली. मशीनपाशी नेऊन म्हटलं, दाबा आता ह्यांच्या निरोपाचा कागद. दाबला साहेबांनी. मशीन म्हणालं, मंजूर!

साहेब आपल्याच अंगठ्याकडे टकामका बघताहेत. म्हणजे अंगठा नव्हताच तो, इतके दिवस चिंधी होती! शिक्केवाले आता साहेब, तासाभरात हे मोकळे. तुम्हाला सांगते, काय आनंद झाला मला. त्या रात्री मला झोपेतसुद्धा लाटा ऐकू येत होत्या.

सकाळी फोन. "वहिनी, आंघोळ करताना चिंधी सुटली." म्हटलं, मग बांधा की! साहेबांनी बांधली, मशीन म्हणालं बनावट. शिपायानं बांधली, बनावट. मशीनवाल्यानं फोटो समोर ठेवून, श्वास रोखून बांधली, तर म्हणालं, संशयास्पद. कशी जमणार? वाकडी गाठ सरळ माणसाला जमत नाही! एक कान लांब, एक आखूड... कपाळ माझं. म्हटलं, आजचा दिवस येते.

तो आजचा दिवस अजून चाललाय. मला खुर्ची आहे, गळ्यात ओळखपत्र आहे, उरलेला गाऊन कपाटात कुलपात आहे. रोज सकाळी साहेब अंगठा पुढे करतात, मी गाठ मारते, मग गावाला नळ मिळतात. तिकिटं परत केली. चपला ऑफिसातच झिजल्या.

आणि हे? पाय लांब करून घरी. सकाळी दारात उभं राहून मला डबा देतात, वर "छत्री घेतलीस का" म्हणून विचारतात. काल संध्याकाळी दमून आले, त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, अहो, समुद्राचं काय? तर तोंडावरचा पेपर खाली न करता म्हणतात कसे...

"जाऊ की. तू रिटायर झालीस की जाऊ."